आत्याची कमळं: लांबुडक्या सक्युलंटच्या प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. सकाळी आईने घट हलवला, धान देवाला वाहिलं आणि दोन काड्या माझ्या केसांत खोवल्या. आमचं देवघर पॅसेजच्या कोपऱ्यात आहे, तिथे ऊन पोचतच नाही. त्यामुळे धान दर वर्षीसारखं वीतभर उंच, नाजूक आणि पिवळंधमक आलं होतं. दुपारी पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झाडायला स्टुलावर चढले, तर तिथल्या कुंड्यांमध्येही तीच कांती दिसली. फिकट पानं, लांबलेली खोडं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या.

ही आत्याची सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं. जूनमध्ये साताऱ्याहून निघताना तिने वर्तमानपत्रात गुंडाळून अकरा कटिंग दिली होती: पाच ग्राप्टोपेटालम, तीन एचेव्हेरिया, दोन जेड आणि एक हॉवर्थिया. पहिल्या दोन जातींची पानं पाकळ्यांसारखी गोल रचलेली असतात, म्हणून ती त्यांना सरसकट 'कमळं' म्हणते. तिच्या गच्चीवर ती वीस वर्षं होती. ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना ती मुलीकडे राहिली आणि साताऱ्याच्या पावसात उघड्यावरच्या सगळ्या कुंड्या कुजल्या. आता तिच्या कमळांमधलं जे काही उरलंय, ते माझ्या कपाटावर आहे. आणि मी ते चार महिने अंधारात ठेवलं.

पट्टी घेऊन मोजलं. सर्वांत उंच ग्राप्टोपेटालम जूनमध्ये बोटभर होतं, ते आता १७ सेंटिमीटर. एचेव्हेरिया ११. दोन पानांमधलं पेर बोटाच्या पेराएवढं सुटलंय. मूळ झाडात पेर दिसतच नाही, पानावर पान चढलेलं असतं.

१४ ऑक्टोबर

मोबाइलमधल्या लक्स (उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपने घरभर फिरून उजेड मोजला. आकडे ढोबळ आहेत, पण तुलनेला पुरतात. कपाटावर दुपारी बाराला २४०. गॅलरीच्या कठड्यावर ६,०००. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलला लागून, उन्हाचा पट्टा पडला तेव्हा ५५,०००. वर गच्चीत ९०,०००च्या पुढे.

आपल्या डोळ्यांना कपाट 'चांगलं उजेडाचं' वाटतं, कारण बाहुली मोठी होऊन डोळा तो फरक भरून काढतो. झाडाला तशी सोय नाही, जेवढा उजेड मिळेल तेवढंच त्याचं अन्न.

गॅलरी उत्तरेला आहे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडून उगवतो आणि उत्तरेकडेच मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिथे तिरपं ऊन येतं. २३ सप्टेंबरनंतर ते बंद, थेट मार्चअखेरपर्यंत. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला, तिथे नेमकं उलट. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, म्हणजे ऊन खिडकीतून थेट ओट्यापर्यंत येणार. सात वर्षं या घरात राहतेय आणि हे कधी मांडून पाहिलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

रात्री आत्याला फोन केला. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं.

"अगं, उंच झालीत म्हणजे जोमात आहेत की!"

"नाही गं आत्या. उपाशी आहेत. घटातलं धान कसं होतं, तसं झालंय."

ती क्षणभर गप्प झाली. शाळेत तिने तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे पुढचं तिनेच सांगितलं. बी मातीखाली असतं तेव्हा कोंबाला एकच काम, उजेड गाठायचा. पानं, हिरवा रंग, जाडी, सगळं मागे ठेवून तो असेल ती सगळी शिदोरी लांबण्यावर खर्च करतो. मातीखाली दोन इंच गेलं की उजेड सापडतो, म्हणून तिथे ही युक्ती कामी येते. कपाटावर कितीही लांबलं तरी उजेड सापडत नाही. वळण्याचं कारण ऑक्झिन. हे संप्रेरक खोडाच्या अंधाऱ्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते आणि शेंडा उजेडाकडे झुकतो.

"मग आता ऊन दाखवलं तर आखडेल परत?"

हा प्रश्न तिने विचारला, पण उत्तर तिलाही ठाऊक होतं. लांबलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही. त्याच्यापुढे येणारी पानं दाट येतील, पण मधली उघडी दांडी तशीच राहणार.

"काप मग," ती म्हणाली. "हरभऱ्याचे शेंडे खुडतो ना, तसं. फुटवे येतील."

संक्रांतीला तिळगूळ आणि तिची कमळं घेऊन साताऱ्याला येईन, असा शब्द दिलाय. हातात नव्वद दिवस आहेत.

२० ऑक्टोबर, रविवार

आज कापणार नाही. आधी उजेड, मग कात्री, असं ठरवलंय. या खोडांमध्ये साठा फार कमी आहे. पान दाबलं तर पापडीसारखं पातळ लागतं. कापलेल्या शेंड्याला मुळं फुटेपर्यंत स्वतःच्याच पानांवर जगायचं असतं, तर त्याला आधी दोन-तीन आठवडे पोटभर खाऊ द्यावं.

आईशी बोलून स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये फळी टाकली. तिथल्या लोणच्याच्या बरण्या खाली उतरवल्या. "वन्संची झाडं आहेत म्हणून हो," असं म्हणाली, पण बरण्या तिनेच पुसून हलवल्या. फळीवर सगळ्यांना जागा नाही. म्हणून उरलेल्यांसाठी गॅलरीत दोन एलईडी बॅटन लावले, प्रत्येकी २० वॅट, साधे, ट्यूबलाइटच्या जागी बसवतात तेच. पानांपासून वीतभर उंचीवर ॲप आठ हजार दाखवतंय. बारा तास चालू ठेवायचे. दिवसाला जेमतेम अर्धं युनिट वीज जाईल.

पाणी मात्र बंद. अंधारातलं झाड फारसं पाणी वापरत नाही. कपाटावरची माती तीन आठवड्यांनीही आत ओली निघाली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या हातून चूक झाली. काल ऊन छान होतं म्हणून तिन्ही एचेव्हेरिया गच्चीत नेऊन ठेवल्या. तासाभराने आणायच्या होत्या, पण ऑफिसचा कॉल लांबला आणि त्या अकरा ते तीन तिथेच राहिल्या. आज सकाळी वरच्या पानांवर फिकट पांढुरके डाग आहेत, मधोमध खपलीसारखे तपकिरी, आणि बोट लावलं तर खोलगट लागतात. पाठीमागची, सावलीतली पानं धड आहेत. हे डाग जाणार नाहीत, पान गळेल तेव्हाच जातील.

भर उन्हात वाढलेल्या पानावर मेणाचा जाड थर आणि लालसर रंगद्रव्यं असतात, तीच त्याची छत्री. माझ्या रोपांनी ती कधी बनवलीच नाही, कारण गरजच पडली नव्हती. नर्सरीतले लोक शेडनेटमधून रोप काढताना आठ-पंधरा दिवस हार्डनिंग करतात, म्हणजे त्याला हळूहळू उन्हाची सवय लावतात, ते मला माहीत होतं. तरीही घाई केली.

आता वेळापत्रक: तीन दिवस फक्त सकाळी आठ ते नऊ, मग दर तीन दिवसांनी अर्धा तास वाढवायचा. फळीवर दुपारी जुन्या सुती ओढणीचा पडदा.

९ नोव्हेंबर, शनिवार

कापणीचा दिवस. दिवाळीचे पाहुणे गेले, ओटा मोकळा झाला.

पंधरवड्यात मधली नवी पानं बुटकी आणि जाड आली आहेत, ग्राप्टोपेटालमच्या शेंड्यात तर करड्या-जांभळ्या रंगाची झाक परतली आहे. म्हणजे शेंडे तयार आहेत.

ग्राप्टोपेटालमवर द्राक्षांवर असते तशी पांढरी भुकटी असते. तिला बोट लागलं की ठसा राहतो आणि पुन्हा भरून येत नाही. म्हणून पानांना न धरता खालून दांडीलाच धरलं. सेव्हन ओ'क्लॉकचं नवं ब्लेड स्पिरिटने पुसून घेतलं. शेंड्याखाली दोन सेंटिमीटर दांडी उरेल अशा ठिकाणी एका ओढीत काप. कात्री वापरली नाही, ती दांडी चेंगरते आणि चेंगरलेली कड आधी कुजते.

एचेव्हेरियाची पानं खालपर्यंत दाट, ब्लेड आत जाईना. तिथे तंगूस कामाला आली. आमच्या शेजारच्या मालवणी काकांकडे गळाची गुंडाळी असते, त्यातली हातभर मागून आणली. पानांच्या दोन फेऱ्यांमध्ये तंगूस फिरवली, टोकं एकमेकांवरून ओलांडून घेतली आणि सावकाश ओढली. लोण्यातून दोरा जावा तशी गेली. वरचं अख्खं कमळ एकही पान न दुखावता हातात आलं.

आठ शेंडे, आठ बुंधे. बुंध्यांवर तीन-चार पानं ठेवली आणि कुंड्यांसकट पुन्हा उजेडात नेली. शेंडा गेला की वरून खाली येणारं ऑक्झिन थांबतं आणि पानाच्या बेचक्यातले झोपलेले डोळे जागे होतात. हरभऱ्याला शेंडा खुडल्यावर जे होतं, तेच.

मधल्या दांड्यांवरची पानं हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून काढली, २२ मिळाली. पान तळाशी पूर्ण सुटून आलं पाहिजे. जिथे तळाचा कपचा दांडीवरच राहिला, ती पानं फुटणार नाहीत हे जवळजवळ नक्की. लहानपणी आम्ही पानफुटीचं पान वहीत ठेवायचो आणि त्याच्या कडेला रोपं येण्याची वाट बघायचो, ती पानफुटीसुद्धा याच कुळातली. फरक एवढाच की तिला कडेवर फुटवे येतात, यांना देठाशी.

जेडचं काम सोपं. त्याच्या खोडावर वलयं दिसतात, ती म्हणजे जुन्या पानांच्या जागा. वलयाच्या किंचित वर कापलं की उरलेली दांडी वाळून वलयापर्यंत येते आणि तिथून जोडीने फुटवे येतात. हॉवर्थियाला ब्लेड लावलंच नाही. तिची फक्त पानं लांबून पसरली आहेत आणि तिला सावली बरीच चालते. उजेडात मधून नवी पानं आखूड येतील, जुनी आपोआप वाळतील.

शेंडे सुपात उलटे ठेवलेत, पंख्यापासून दूर, सावलीत.

१४ नोव्हेंबर

सात शेंडे लावले. कापलेली जागा आता कोरडी, फिकट आणि नखाने टोकरली तर खडखडीत लागते. खपली धरल्याशिवाय मातीत घालायचं नाही.

सातच, कारण आठवा, सर्वांत मोठी एचेव्हेरिया, मी ११ तारखेलाच लावला होता. वरून कोरडा वाटला आणि राहवलं नाही. वर थोडं पाणीही घातलं.

माती: एक भाग लाल माती आणि कोकोपीट मिळून, दोन भाग खडे. खड्यांमध्ये भाजक्या विटांचे तूरडाळीएवढे तुकडे आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे). विटांचा चुरा चाळणीने चाळून धूळ काढून टाकली, ती राहिली तर चिखल होतो. निंबोळी पेंड चिमूटभर. कुंडीला मूठभर पाणी ओतलं की तीन-चार सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे, ही माझी परीक्षा.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि थेट खिडकीशी गेले.

घाईने लावलेल्या एचेव्हेरियाची खालची दोन पानं अर्धपारदर्शक, पिवळट, उकडलेल्या कांद्यासारखी झाली होती. नुसता धक्का लागला आणि गळली. उपटून पाहिलं: दांडी तळाशी काळी, मऊ, आंबूस वास.

ओट्यावर कागद पसरला. खालून अर्धा सेंटिमीटर कापलं, छेदात मधोमध तपकिरी कडं. ब्लेड पुसलं, पुन्हा कापलं. कडं लहान झालं, पण एका बाजूला काळा ठिपका राहिला. ठिपका राहिला तर कूज वर चढणारच, म्हणून पानांची एक फेरी काढून तिसऱ्यांदा कापलं. या वेळी छेद स्वच्छ, फिकट हिरवा, काकडीसारखा. थेंबभर रस आला. तळहाताएवढं कमळ आता रुपयाच्या नाण्याएवढं उरलंय. कापावर दालचिनीची पूड लावून बुरशीनाशकाविनाच ठेवलंय आणि या वेळी पूर्ण दहा दिवस हात लावणार नाही.

आई शेजारी उभी होती. म्हणाली, "वन्संना सांगू नकोस." मी सांगणार आहे.

३० नोव्हेंबर

पुण्यात कडाक्याची थंडी. रात्री गॅलरीतली रोपं आत घेतेय.

ग्राप्टोपेटालमचा एक शेंडा हळूच हलवून पाहिला, हलला नाही. धरून ठेवलंय. खडे जरा बाजूला सारले तर दांडीच्या खपलीभोवती केसाएवढी गुलाबी मुळं. अशी पाच शेंड्यांना आली आहेत. आज पहिलं पाणी, कुंडीच्या कडेने, पानांमध्ये थेंबही जाऊ न देता.

थंडीने एक चांगलंही केलं: पानांच्या कडा गुलाबी झाल्या. ऊन आणि गार रात्र एकत्र मिळाली की हा रंग येतो. ग्राप्टोपेटालम मूळचं मेक्सिकोतल्या डोंगरकड्यांवरचं, तिथे त्याला खडक आणि लख्ख ऊन मिळतं. त्याच्या जातीच्या शास्त्रीय नावात पॅराग्वे आहे, पण त्या देशाशी त्याचा संबंध नाही. एचेव्हेरियाही तिकडचीच. अतानासिओ एचेव्हेरिया नावाच्या मेक्सिकोतल्या वनस्पतिचित्रकाराच्या सन्मानार्थ १८२८ साली तिला हे नाव मिळालं. झाडांची चित्रं काढणाऱ्या माणसाचं नाव झाडालाच मिळावं, हे मला फार आवडलं.

४ डिसेंबर

तीन दिवस ढगाळ. बॅटन चौदा तास. बाकी काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस बुंध्यांचा. आठपैकी एक ग्राप्टोपेटालमचा बुंधा सुकून गेला. उरलेल्या सातांपैकी पाचांना फुटवे आलेत. एका बुंध्यावर चार आहेत, कापाच्या लगेच खाली, मोहरीपासून वाटाण्यापर्यंत आकाराचे, आणि प्रत्येकात पानांची चक्राकार रचना आतापासून स्पष्ट दिसते. भिंगातून बघत बसले, भाजी लागली तरी कळलं नाही. उजेडात जन्मलेले आहेत, म्हणून पेर कुठेच नाही. पानावर पान.

पानांचा ट्रे: २२ पैकी १४ ना मुळं आणि रोप दोन्ही. तिघांना नुसती मुळं आहेत, रोप नाही. अशी पानं महिनोन्‌महिने हिरवी राहतात पण पुढे जात नाहीत. पाच वाळली, त्यातली चार तळ तुटलेली होती. आईपान सुरकुतत चाललंय, त्यातलं पाणी पिल्लाकडे जातंय. ते पूर्ण वाळेपर्यंत ओढून काढायचं नाही.

जेडना दोन्हीकडे जोडीने फुटवे आलेत, अगदी वलयावर. हॉवर्थिया शांत आहे.

२८ डिसेंबर

दोन ग्राप्टोपेटालमच्या गाभ्यात कापूस दिसला. पिठ्या ढेकूण. लांबून भुकटी वाटते, पण ही भुकटी गोळ्यागोळ्यांनी असते आणि चिकट लागते. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला, संध्याकाळी, म्हणजे ओल्या पानावर ऊन पडणार नाही. दोन्ही कुंड्या वेगळ्या केल्या. चार दिवसांनी पुन्हा, मग आणखी चार दिवसांनी, कारण अंडी राहतात. साताऱ्याला या दोन जाणार नाहीत. आत्याच्या रिकाम्या गच्चीवर मी ढेकूण नेणार नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार

बांधाबांध. जायचंय ते: निरोगी ग्राप्टोपेटालम तीन, एचेव्हेरिया दोन, एक जेड, चार फुटव्यांचा बुंधा आणि पानांच्या पिल्लांपैकी सात. आठवडाभर पाणी दिलं नाही, कोरडी माती प्रवासात हलकी आणि पानं लवचीक राहतात, मोडत नाहीत. कुंडीच्या तोंडावर टिश्यूपेपर दाबून बसवला, वर चिकटपट्टी. कमळांभोवती कागदाची सैल नळी.

तीन वेळा कापलेली नाण्याएवढी एचेव्हेरिया घ्यावी का, यावर बराच वेळ घालवला. तिला मुळं २ तारखेला फुटली, अजून कच्ची आहेत. तरी त्या दोघींमध्ये एक तीच घेतली. जळक्या डागांची तिसरी माझ्याकडे ठेवली.

१४ जानेवारी, संक्रांत

आत्याने कुंड्या मांडीवर घेऊन एकेक फिरवून पाहिली. चष्मा वर सारला आणि ग्राप्टोपेटालमची पानं मोजली, खालून वर, बोट न लावता. नाण्याएवढी एचेव्हेरिया हातात आल्यावर तिला सगळं सांगितलं. गच्चीतलं ऊन, दोन दिवसांची घाई, तीन काप.

"मला वाटलं होतं एक तरी येईल," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

दुपारी दोघी जिन्याने सावकाश गच्चीवर गेलो. गुडघा अजून पूर्ण वळत नाही, प्रत्येक पायरीवर आधी बरा पाय. पूर्वेच्या कठड्यावर जिथे जुन्या कुंड्यांचे गोल डाग आहेत तिथेच तिने नव्या ठेवायला लावल्या. मी हिरव्या नेटचा तुकडा आणला होता, तो वरून बांधला. पंधरा दिवस नेट, मग फक्त दुपारी, मग काढायचं. जूनच्या आधी पारदर्शक पत्र्याचं छप्पर करून घ्यायचं तिने ठरवलंय, सुताराला फोनही केला.

निघताना तिने तिळगुळाच्या डब्याबरोबर तिची जुनी नोंदवही दिली. कुठलं कमळ कुठल्या वर्षी कुठून आणलं, ते सगळं त्यात आहे. शेवटचं पान कोरं होतं. तिथे मला आजची तारीख घालायला लावली.

२६ जानेवारी

उरलेल्यांसाठी नोंद: मार्च संपता संपता सूर्य वर चढेल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन वरच्या छज्ज्यामुळे बाहेरच अडेल. तेव्हा गॅलरीत सकाळचं तिरपं ऊन पुन्हा येऊ लागेल. सगळ्या कुंड्या २५ मार्चपासून तिकडे हलवायच्या, एका दिवसात नाही, आठवडाभरात. मोबाइलमध्ये आठवण लावली आहे. कपाटावर आता फक्त पुस्तकं आहेत.